नळीवरचं नाव

मेस्त्रींना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नंतर सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. सात वर्षं ते माझ्या परड्यातल्या खोलीत राहिले, सातही वर्षं एकाच सायकलीशी झटत राहिले, आणि कुठं जायचं झालं की पायी निघायचे. आमच्या शनिवार पेठेतून उचगावला बहिणीकडं जायचं, तरी पायी. मी एकदा विचारलं, सायकल शिकला का नाही? तर म्हणाले, "आमच्या घरात एक चालवणारा झाला की, अक्का. मी आपला बघणारा."

उंच, वाळलेला माणूस. फौंड्रीत तीस वर्षं फिटर म्हणून काम केलेलं, त्यामुळं बोटांच्या चिरांत काळं बसलेलं. ते साबणानं जात नव्हतं. लग्न केलं नव्हतं. सदरा पांढरा, रोज धुतलेला. खिशात पेन नाही, पाकीट नाही, तेलाची कुपी. शिवणयंत्राला तेल घालायची असते तसली. तिची चोच वर करून ठेवायचे, तरी खिशाला डाग पडायचाच.

या कुपीपायी त्यांनी अर्ध्या कोल्हापूरशी भांडण ओढवून घेतलं असेल. रस्त्यानं जाताना कुणाची चेन कुरकुरली की हात करून त्याला थांबवायचे. ओळख ना पाळख. "पावणं, थांबा जरा. चेन रडतीया तुमची." पावणा थांबला की खाली बसून पायंडल उलटं फिरवायचे आणि चेनीच्या एकेका कडीत एकेक थेंब सोडायचे. एकदा मंडईसमोर एका हवालदाराला असंच थांबवलं. त्याला आधीच ड्युटीला उशीर झालेला. म्हणाला, सरकारी माणसाला अडवतोस व्हय रं? मेस्त्री मान वर न करता म्हणाले, "सरकारची सायकल हाय, म्हणून तर अशी झालीया." त्यानं त्यांना तासभर चौकीत बसवून ठेवलं. मी मुलाला पाठवलं तेव्हा सुटले. परत आल्यावर मला सांगितलं काय, तर तेवढ्या वेळात चौकीतल्या तीन सायकलींना तेल घालून झालं.

सायकल भिंतीला टेकवलेली त्यांना खपायची नाही. म्हातारं माणूस हाय का ते, असं म्हणून सरळ उभी करायचे. आणि लोखंड म्हटलेलं तर मुळीच खपायचं नाही. "लोखंड न्हवं अक्का, पोलाद. लोखंड वाकवलं की वाकून बसतंय. पोलाद जाग्यावर परत येतंय. त्याला आपली जागा ध्यानात ऱ्हाती."

ही पोलादाची सायकल माझी होती. म्हणजे आमच्या मालकांची.

माझ्या सासऱ्यांचं सायकलींचं दुकान होतं. तासावर भाड्यानं द्यायचे, दुरुस्त्या करायचे. एक विलायती इंजिनिअर देश सोडून जाताना आपली शर्यतीची सायकल सासऱ्यांना देऊन गेला. पातळ नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि वजनाला एवढी हलकी की मी नवी नवरी असताना एका हातानं उचलली होती. याच सायकलीवर आमच्या मालकांनी तरुणपणी जोतिबाच्या डोंगरावरची शर्यत जिंकली, ही आमच्या घरातली गोष्ट. कप पुढच्या खोलीत कपाटात. कपाटावर फोटो: मालक, हातात कप, शेजारी सायकल आणि सायकलीला झेंडूचा हार. घरी येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय जेवण मिळत नव्हतं.

आमचे मालक वाईट नव्हते. पण फार काही मिळवलेले गृहस्थही नव्हते. दुकान सासऱ्यांनी काढलेलं, घर सासऱ्यांनी बांधलेलं, मलासुद्धा सासऱ्यांनीच बघून आणलेलं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तो कप.

मालक गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मेस्त्री दारात आले आणि सायकल विकत मागितली. तिचा हिरव्या रंगाचा सांगाडा परड्यात आढ्याला टांगलेला होता, हे त्यांना कुठून कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, मालकांची आठवण आहे, विकायची नाही. दुसऱ्या दिवशी परत आले. विकू नका म्हणाले, मी ती पहिल्यासारखी करून देतो, तुमची तुमच्याच घरात राहील, मला फक्त परड्यातली खोली भाड्यानं द्या. असला सौदा मी कधी ऐकला नव्हता. विचारलं, तुम्ही कोण? तर सरळ म्हणाले, बौद्ध. आम्ही लिंगायत. त्या वेळी आमच्या बोळात असं कुणी भाडेकरू ठेवत नव्हतं. मी दोन दिवस घेतले आणि खोली दिली. मोठेपणानं दिली असं कुणी समजू नये. खोलीचं दार मागच्या बाजूला उघडत होतं, आणि घुशींमुळं तिथं कुणी टिकत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना कान तुटलेल्या कपातून चहा दिला. तो कप वेगळा ठेवायचा असं मी ठरवलं होतं. त्यांनी चहा घेतला, कप विसळून कट्ट्यावर पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायला लागले. म्हणाले, माझ्या हाताला ग्रीस असतंय, तुमचं कप खराब हुतील. मला अवघड वाटू नये म्हणून ते तसं बोलले, हे मला तेव्हाच कळलं. कळूनही मी त्या पेल्यात चहा ओतत राहिले. सात वर्षं.

आता त्यांचं काम. पहिलं वर्षभर त्यांनी नुसती सायकल सोडवली. चाकांतले छर्रे काढून रॉकेलमध्ये बुडवले, पुसले, मोजले आणि काड्यापेटीत भरले. पेटीवर लिहिलं, पुढचं चाक, डावी बाजू. स्क्रू गंजून बसला असला तर ते जोर करायचे नाहीत. तेल सोडायचे आणि दोन दिवस त्याच्याकडं बघायचे नाहीत. मी म्हटलं, ठोका की एक हातोडा. म्हणाले, "फौंड्रीत तीस वर्षं ठोकलं, अक्का. आता जरा विचारून बघतो."

जो भाग मिळत नव्हता त्यासाठी ते पत्रं लिहायचे. मिरज, सांगली, बेळगाव, पुणं, जिथं जुनं सायकल दुकान असल्याचं कानावर येईल तिथं. अक्षर छान होतं. पत्राच्या शेवटी कायम एकच वाक्य, 'आपणांकडे नसल्यास तसेही कळवावे, म्हणजे वाट पाहणार नाही.' बेळगावच्या एका म्हाताऱ्या सायकलपटूनं त्यांना टायर पाठवले, ट्यूब आत घालून शिवलेले, रिमला चिकटवायचे. ते आले त्या दिवशी मेस्त्रींनी मला हाक मारली. एरवी ते हाक मारायचे नाहीत. टायर तान्ह्या पोराला घेतात तसा कुशीत धरला होता. "वास घ्या," म्हणाले. मी घेतला. रबराचा वास, दुसरं काय असणार. पण त्यांचं तोंड बघून मी चांगला आहे म्हटलं.

मग एकदा त्यांना पायंडलाच्या खालच्या नळकांड्यावर नंबर सापडला. रंगाखाली बुजलेला. त्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली आणि आकडे उठवले. हायस्कूलच्या एका मास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि विलायतेच्या त्या कंपनीला पाठवलं. आमच्या बोळातले लोक हसले. पोस्टमन रोज चिडवायचा, राणीचं पत्र आजही नाही. दहा महिन्यांनी खरंच उत्तर आलं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं. सायकल कुठल्या साली बांधली, रंग मूळचा आकाशी होता, आणि ती सहा फुटी माणसाच्या मापानं बांधलेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मेस्त्री कट्ट्यावर चहा पीत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मालक उंचीला कसं हुतं वो?"

आमचे मालक सव्वापाच फुटांच्या आतले. मी म्हटलं, उंच होते चांगले.

त्यांनी पेला विसळला आणि कट्ट्यावरचा सीटचा दांडा उचलला. तो त्यांनी धुऊन ठेवला होता. सीट जिथं आवळतात तिथं दांड्याला वळ उठतो. त्या दांड्यावर दोन वळ होते आणि दोन्ही उंच माणसाच्या बसण्याचे. बुटक्या माणसासाठी सीट खाली केल्याची खूण कुठंच नव्हती. हे मला त्यांनी सांगितलं नाही. मी सायकल दुकानदाराची बायको. दांडा त्यांच्या हातात बघितला तेव्हाच मला कळलं.

खरं सांगायचं तर थोडं आधीपासून कळत होतं. मालक शर्यतीची गोष्ट सांगायचे तेव्हा सुरुवात सांगायचे आणि कप घेतल्याचं सांगायचे. मधला डोंगर कधी सांगायचे नाहीत. आम्ही दोघं जोतिबाला जायचो तेव्हा शेवटच्या चढाला दहा पावलांवर त्यांना बसावं लागायचं. मी कधी विचारलं नाही. नवऱ्याला असलं विचारून काय मिळवायचं असतं?

काही दिवसांनी मेस्त्रींनी फोटो बघायला मागितला. त्यांना पुढच्या खोलीत बोलवायला हवं होतं. मी फोटो काढून परड्यात नेला. त्यांनी खिशातून भिंग काढून बराच वेळ बघितला. सायकलीची सीट मालकांच्या छातीला लागत होती. ते त्यांनी बघितलं असणार, पण भिंग फिरत होतं ते खालच्या तिरक्या नळीवर. नेमका तिथंच झेंडूचा हार होता. फोटो माझ्या हातात देताना म्हणाले, चांगला फोटू हाय, उन्हात ठेवू नका.

त्यानंतर ते रंगाच्या मागं लागले. वरचा हिरवा रंग मालकांनी मागाहून दिलेला. तो त्यांनी दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढला. खालचा काळा शर्यतीच्या वर्षीच दिलेला, घट्ट बसलेला. तो तारपिनाच्या बोळ्यानं रोज बोटभर. सगळीकडून काळा काढला, आकाशी उघडा केला, पण खालची तिरकी नळी शिल्लक ठेवली. महिने गेले. मी विचारलं, ही का ठेवली? म्हणाले, बघू सावकाशीनं.

आता दसऱ्याचं सांगते. कोल्हापुरात खंडेनवमीला सगळी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून पुजायची पद्धत आहे. आमच्याकडं दुकानातल्या सगळ्या सायकलींना हळदकुंकू, झेंडू. मेस्त्री दसऱ्याला इथं कधीच नसायचे. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. दसऱ्याआधी दोन-तीन दिवस निघायचे आणि दसऱ्यानंतर यायचे. त्यांच्या हत्यारांना मी कधी हात लावला नव्हता. त्यांच्यात ते नाही, हे मला माहीत होतं.

त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी ते चहाला आले आणि पेला पुढं केला नाही. बसून राहिले. मग म्हणाले, "अक्का, मी तुमच्या घरात लपवाछपवी करून ऱ्हायलोय. आज सांगतो."

त्यांचा थोरला भाऊ, मारुती, माझ्या सासऱ्यांच्या दुकानात पंक्चर काढायला होता. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. शर्यतीत नाव आमच्या मालकांचं घातलेलं, पण सायकल पळवली मारुतीनं. जोतिबाच्या डोंगरावर पहिला आला. बक्षिसाला नाव पुकारलं तेव्हा मालक कोट घालून वर गेले. मारुतीनं घरी येऊन सांगितलं, मी पहिला आलोय. गल्लीनं विचारलं, मग कप कुठं हाय? तो म्हणाला, कप न्हाई, पण सायकलीवर मी नाव लिवून ठेवलंय. दुसऱ्या आठवड्यात सायकलीला काळा रंग बसला.

"मी बारा-तेरा वर्षांचा हुतो," मेस्त्री म्हणाले. "सगळ्या पोरांनी मला चिडवलं. मी चौकात, सगळ्यांच्या म्होरं दादाला खोटारडा म्हटलं. त्यो मला काय बोलला न्हाई. त्यानंतर कधीच काय बोलला न्हाई. एका घरात जेवायचो आम्ही. पुढं साखर कारखान्यात गेला आणि तिथं गेला, अंगावर ट्रॉली पडून."

मग मला परड्यात नेलं. तिरक्या नळीवर तेलाचं फडकं बांधलं होतं. ते सोडून दाखवलं. काळ्या रंगात नखाएवढी खिडकी केली होती आणि तिच्यात पांढरी आडवी रेघ दिसत होती.

"शिरोरेघ हाय का कंपनीची पट्टी हाय, अजून कळंना. गेल्या आठवड्यात घावली नि हात थांबला. नागपूरला जाऊन येतो, मग उघडतो. काय नसलं तर काय करायचं म्हणून इतकी वर्सं ही नळी ठेवली बघा." फडकं परत बांधलं आणि म्हणाले, "कप तुमचाच हाय. फोटू तुमचाच. मला कुणाला सांगायचं न्हाई अक्का. मला फकस्त वाचायचंय. तवर हिला कुणाचा हात लावू देऊ नका."

मी बरं म्हटलं.

खंडेनवमीला सकाळी मुलगा दुकानात गेला, सून आंब्याची डहाळी आणायला गेली. मी बादली घेऊन परड्यात गेले. आता लोक म्हणतील, म्हातारीला काय कळणार, पूजेसाठी धुतली असेल. मला सगळं कळत होतं. पूजेला सायकल पाण्यानं धुतात. मी बादलीत कॉस्टिक सोडा टाकला होता. जुना रंग उतरवायला सायकल दुकानात तोच वापरतात. आमच्याकडं त्याचा डबा कायम असायचा. फडकं सोडलं, कॉस्टिक लावला, तारेचा ब्रश घेतला आणि नळी पांढऱ्या पोलादापर्यंत घासली. एकटी तीच घासलेली दिसली असती, म्हणून बाकीचीही सायकल घासली. वर्षभर बोटाबोटानं उघडा केलेला आकाशी रंग अर्ध्या तासात गेला. मग हळद, कुंकू, झेंडू आणि लिंबू.

का केलं? मेस्त्री कुणाला सांगणार नव्हते यावर माझा विश्वास होता. तेही कारण मला उरत नाही. त्यांनी ते वाचलं असतं आणि रोज माझ्या कट्ट्यावर बसून चहा घेतला असता, काही न बोलता, आणि मला कपाटाकडं बघता आलं नसतं. एवढंच. पन्नास वर्षांचा मालकांचा मोठेपणा मला सांभाळायचा होता. तो खोटा आहे हे कळल्यावर जास्तच.

मेस्त्री आले ते दुपारी. पिशवी खांद्यावर तशीच. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. परड्यातून काहीच आवाज येईना, तेव्हा बाहेर गेले. ते सायकलीपुढं उकिडवे बसले होते. सुकलेला झेंडू काढून बाजूला ठेवला होता. नळीच्या सांध्यात पांढरी भुकटी राहिली होती, ती बोटावर घेऊन बघत होते. फिटर माणूस. कॉस्टिक त्यांना कळायला वास घ्यायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "खंडेनवमी होती. म्हटलं तुमची सायकल पूजेवाचून राहायला नको. माझ्या ध्यानातच राहिलं नाही बघा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं. दोन्ही तळव्यांची साल गेली होती, मी खोबरेल लावलं होतं.

"हात भाजलं की, अक्का," ते म्हणाले. "ताक लावा."

दुसरं काहीही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही. भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं गेलं असतं. मीही भांडले असते. मला भांडता येतं.

चार महिने त्यांनी सायकलीला हात लावला नाही. मला वाटलं, जातील. गेले नाहीत. रस्त्यावर तेल घालायचे, चहाला यायचे. आणि एका सकाळी पॉलिश पेपरचा आवाज सुरू झाला. पुढचं सगळं वर्षात झालं. नळकांड्याच्या खाली नखभर आकाशी राहिला होता, त्यावरून रंग जुळवून आणला. सात हात दिले. चाकं लावली, चेन चढवली. पायंडल फिरवून सोडलं की मागचं चाक इतका वेळ फिरायचं की मी तांदूळ निवडून होईपर्यंत ते फिरतच असायचं.

सायकल पूर्ण झाली तेव्हा त्यांनी मला, मुलाला आणि सुनेला बोलावलं. मुलगा खूश झाला. नव्या दुकानात काचेमागं ठेवू म्हणाला. तो आणि सून आत गेल्यावर मेस्त्री पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन तिरक्या नळीजवळ बसले.

"नाव घालायचं ऱ्हायलंय," म्हणाले. "सायकल तुमची. कुणाचं घालू?"

ब्रश बुडवून हातात धरला होता आणि ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. छर्रे मोजताना बघायचे तसं, नीट. त्यांनी मला वेळ दिला. ब्रशवरचा रंग वाळायला लागला तेव्हा पुन्हा बुडवला आणि पुन्हा थांबले. कुणीही नव्हतं. एक शब्द बोलायचा होता, तीन अक्षरांचा.

मी म्हटलं, "मालकांचं घाला."

त्यांनी मालकांचं नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अक्षर छान होतंच त्यांचं. एकही ओघळ आला नाही.

त्याच महिन्यात ते खोली सोडून उचगावला बहिणीकडं राहायला गेले. खोली झाडून, चुना मारून दिली. घुशींची बिळंही बुजवली होती, काचा घालून.

चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी बहिणीला भेटायला गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो, कोपऱ्यात मेस्त्रींची हत्यारपेटी. बहीण माझ्याच वयाची. मला ओळखून तिनं सतरंजी अंथरली, चहा केला. माझ्याबद्दल ते चांगलंच बोलायचे म्हणाली. अक्कांनी सायकल माझ्या हातात दिली, दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं, असं म्हणायचे.

मग तिनं विचारलं, "अक्का, तुमच्याच परड्यात काम चाललं हुतं. तुमी कधी बघितलं का वो, त्या नळीवर काय हुतं?"

मी विचारलं, ते काय म्हणाले होते?

"शेवटाला म्हणाला, कंपनीची पट्टी आसंल ती. दादाचं नाव न्हवतं." ती पदरानं पेल्याची कड पुसत होती. "मला तर वाटायचं, दादा खोटं बोलणारा न्हवता. पण ह्यो म्हणला म्हंजी न्हवतंच आसंल. तुमी बघितलं हुतं का काय?"

मी नाही म्हटलं. चहा संपवला आणि बसनं घरी आले.

सायकल मुलाच्या दुकानात काचेमागं आहे. लोक येऊन फोटो काढतात. नातू त्यांना शर्यतीची गोष्ट सांगतो, आणि मी तिथं बसलेली असले तर माझ्याकडं बघतो. मी मान हलवते. तोंडानं सांगायची हिंमत या वयातही झाली नाही, म्हणून कागदावर लिहिते. छापून आलं की घरात कळेल. उचगावलाही कुणीतरी वाचून दाखवील.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. खंडेनवमीला कॉस्टिक लावल्यावर काळा रंग एकदम गेला नाही. आधी सुरकुतला, सायीसारखा, आणि फडक्याबरोबर सरकून खाली आला. त्याच्याखाली आकाशी नळी होती, ओली, आणि तिच्यावर पांढरी अक्षरं, अगदी स्वच्छ. ब्रश जाड असावा, अक्षरं ठळक आली होती, आणि जागा पुरली नाही म्हणून शेवटचं चेपलेलं. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. वर लिहिलं होतं, मारुती. खाली बारीक, जोतिबा, पहिला.

मी ते दोनदा वाचलं. मग तारेचा ब्रश घेतला.